रॅले चॉपर: ‘मार्क १’ की ‘मार्क २’? जुन्या सायकलींची पिढी कशी ओळखावी

तीनगिअर (लीस्टर)

नमस्कार मंडळी,

लीस्टरला आल्यापासून जुन्या सायकली सोडवून पुन्हा जोडण्याचा नाद लागला आहे. आजवरचे सगळे काम साध्या, काळ्या, तीन गिअरच्या सायकलींवर झाले. गेल्या महिन्यात मात्र जुन्या वस्तूंच्या बाजारात एक रॅले चॉपर (ब्रिटनच्या रॅले कंपनीची उंच हॅन्डलची मुलांची सायकल) मिळाली. ही ‘१९७१ची मार्क १’, म्हणजे पहिल्या पिढीची आहे असे विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले आणि किंमतही त्याच हिशेबाने लावली. घासाघीस करून ती घेतली खरी, पण घरी आणून धुतल्यापासून मनात पाल चुकचुकते आहे.

जे दिसते ते लिहितो. गिअरचा दांडा गोल मुठीचा आहे. सीटच्या मागे कॅरिअर नाही, पण सीटच्या मागच्या कमानीवर दोन्ही बाजूंना काहीतरी घासून पडलेले चकचकीत पट्टे आहेत. रंग नारिंगी असला तरी तो ब्रशने मारलेला आहे, आणि पायडलच्या जवळ खपली निघाली तिथे खालून जांभळा डोकावतो. हॅन्डल पुढे-मागे कलते करून पाहावे म्हणून नट शोधला, तर तिथे नटच नाही. हॅन्डल आणि त्याचा खालचा दांडा एकजीव आहेत.

ही खरोखर मार्क १ आहे का, आणि नसेल तर ते कशावरून ठरवायचे, हे जाणकारांनी सांगावे.

---

जुनी_चाके (नॉटिंगहॅमजवळ)

तीनगिअर, तुम्ही शेवटी लिहिलेली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, पण तिच्याकडे येण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे कोणता बदल का झाला ते लक्षात राहील. कारण कळले की खुणा पाठ कराव्या लागत नाहीत.

अमेरिकेत श्विन कंपनीने १९६३ साली ‘स्टिंग-रे’ बाजारात आणली. उंच हॅन्डल, केळ्यासारखी लांब सीट आणि लहान चाके असा तिचा थाट होता, आणि तिने तिथल्या मुलांना वेड लावले. नॉटिंगहॅमच्या रॅलेला त्याचे उत्तर द्यायचे होते, आणि ते उत्तर म्हणजे चॉपर. तिचा आराखडा कुणाचा, यावर आजही दोन तट आहेत. रॅलेचे ॲलन ओकली यांनी अमेरिकेहून परतताना विमानात पाकिटाच्या पाठीवर तो काढला, असे एक बाजू सांगते. ओगल डिझाइन या आराखडे करणाऱ्या कंपनीचे टॉम कॅरन यांनी मात्र तो आपलाच असल्याचे शेवटपर्यंत सांगितले. सायकल १९६९ साली आधी अमेरिकेत विकायला गेली आणि १९७० साली ब्रिटनमध्ये आली. पुढे १६ इंची चाक, मागे २० इंची जाड चाक, मधल्या नळीवर मोटारीसारखा गिअरचा दांडा आणि मागे उंच पाठ असलेली सीट, हे रूप तेव्हापासूनचे.

आता दोष पाहा. मार्क १मध्ये बसणाऱ्याचे वजन फार मागे पडत असे, आणि सीट लांब असल्याने मागे एखादा मित्र बसणारच. मग चढावर किंवा जोरात पायडल मारताना पुढचे चाक उचलले जायचे. दुसरे असे, की हॅन्डल नटाने आवळलेले असल्यामुळे मुले ते मागे ओढून घेत, त्यामुळे वजन आणखी मागे जाई आणि सायकल हातात राहत नसे.

१९७२ साली आलेल्या मार्क २मध्ये रॅलेने नेमके हेच दोन दोष काढले. चौकटीत थोडा फेरफार करून सीट पुढे घेतली आणि हॅन्डल दांड्याला वेल्ड करून टाकले, म्हणजे कुणाला ते कलते करताच येऊ नये. त्याच वेळी गोल मुठीऐवजी इंग्रजी टी अक्षरासारखी आडवी मूठ आली, आणि सीटच्या मागे छोटे कॅरिअर आले.

म्हणून तुमच्या हॅन्डलला नट नाही, हे वाचताच मला मार्क २चा वास आला. जांभळ्याचे म्हणाल, तर ‘अल्ट्रा व्हायोलेट’ हा मार्क २चा चांगलाच ओळखीचा रंग आहे. पण रंगावर मी कधीच पैज लावत नाही, कारण पन्नास वर्षांत एका सायकलीला किती घरांत किती रंग लागले असतील याचा नेम नसतो.

---

ओढाळ (ठाणे)

मला या विषयातले फारसे कळत नाही, परंतु एक शंका आहे. हॅन्डल तर सहज बदलता येते. मूळ मार्क १ला कुणी पुढे मार्क २चे हॅन्डल बसवले असेल, तर तुमचा निष्कर्ष चुकणार नाही का? गोल मुठीचा दांडा आणि कॅरिअर नसणे, या दोन गोष्टी तर मार्क १च्याच बाजूने बोलतात.

---

छर्रे_ग्रीस (पुणे)

ओढाळ यांची शंका रास्त आहे, आणि तिच्यातच या सगळ्याचे उत्तर आहे. मी व्यवसायाने जोडकामाच्या तपासणीत आहे, म्हणून त्या अंगाने लिहितो.

सायकलीचे भाग दोन प्रकारचे असतात. काही पान्ह्याने निघतात, आणि काही काढायचे तर करवतच लावावी लागते. पान्ह्याने निघणाऱ्या भागाची साक्ष फक्त त्या भागापुरती असते. गिअरचा दांडा, कॅरिअर, सीट, चाके, हॅन्डल, मडगार्ड यांपैकी काहीही रविवारच्या एका दुपारी बदलता येते, आणि विकणाऱ्याला ‘मार्क १’ बनवायची असेल तर तो आधी हेच बदलतो, कारण गिऱ्हाइकाची नजरही आधी तिथेच जाते. कॅरिअर काढून टाकायला तर काहीच लागत नाही. तीनगिअर यांनी लिहिलेले कमानीवरचे ते चकचकीत पट्टे मला म्हणूनच बोलके वाटतात.

चौकट मात्र तशी बदलता येत नाही. सीट पुढे घेण्याचा फेरफार चौकटीतच झालेला असल्यामुळे, सायकल सपाट जमिनीवर उभी करून मागच्या चाकाच्या आखापासून ओळंबा धरावा आणि सीटची मागची कड त्या रेषेच्या किती मागे जाते ते पाहावे. मार्क १च्या खात्रीच्या छायाचित्राशेजारी ठेवून पाहिले की फरक लपत नाही. छायाचित्र बरोबर बाजूने घेतलेले असावे. तिरक्या छायाचित्रावरून ओळंबा धरणाऱ्यांचे वाद मी इतर ठिकाणी पाहिले आहेत, आणि ते कधी संपत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे चौकटीवर ठोकलेला क्रमांक. तो रंगाखाली बुजला असेल, पण असणार. तो वाचून इथे लिहावा.

थोडे विषयांतर करतो. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना चॉपर सोडवायला दिली, तर ते अर्ध्याहून अधिक सायकल न विचारता सोडवतील, कारण तिचे क्रँक (पायडलचे दांडे) आपल्या साध्या सायकलीसारखेच कॉटरने, म्हणजे नट लावलेल्या पोलादी पाचरेने बसवलेले असतात. हे साम्य आपोआप आलेले नाही. रॅलेची सायकल आसनसोलजवळ सेन-रॅलेच्या कारखान्यात बनत असे, आणि ज्या ब्रिटिश ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सकडे १९६० पासून रॅले होती, तिच्याच सहभागातून मद्रासजवळच्या अंबत्तूरला टीआय सायकल्स उभी राहिली होती. माझ्या आजोबांच्या काळ्या सायकलीचा कॉटर काढताना मिस्त्री आधी नट उलटा दोन आटे चढवून मग हातोडी मारत, म्हणजे आटे चेपत नाहीत. तीनगिअर, तुम्हीही तसेच करा. त्या काळच्या मापाचा नवा कॉटर शोधण्यापेक्षा जुना वाचवणे सोपे.

---

तीनगिअर (लीस्टर)

सर्वांचे आभार. शनिवारी सकाळी हेच काम केले, आणि ते अपेक्षेपेक्षा जास्त वेळ चालले.

चौकटीवरच्या क्रमांकावर नारिंगी रंगाचे दोन थर होते. खरवडले तर आकडेही जातील, म्हणून रंग काढण्याचे द्रावण कापसावर घेऊन दहा-दहा मिनिटे ठेवले आणि लाकडी काडीने हलकेच उकरले. नारिंगीखाली जांभळा निघाला, जांभळ्याखाली राखाडी अस्तर, आणि मग उघडे पोलाद. तरी काही वाचता येईना. शेवटी दिवा मालवून विजेरी अगदी आडवी धरली, तेव्हा खड्ड्यांच्या सावल्या पडल्या. वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवली तेव्हा ‘एन बी ४’ आणि त्यापुढे आणखी आकडे उमटले. ‘बी’च्या जागी ‘८’ असेल का, म्हणून तीनदा कागद बदलून पाहिले, पण डावी बाजू सरळच येते. तो ‘बी’च आहे.

मग मागचा हब (चाकाचा मधला, गिअर असलेला भाग) रॉकेलने पुसला. त्यावर स्टर्मी-आर्चर या हब बनवणाऱ्या कंपनीचे नाव आहे आणि शेजारी ‘७१’ व ‘९’ असे ठोकलेले आहे. म्हणजे सप्टेंबर १९७१ का? तसे असेल तर विकणारा खरे बोलत होता, असे म्हणावे लागेल.

ओळंबाही धरला. सीटची कड आखाच्या मागे जाते, पण १९७०च्या जाहिरातीतल्या सायकलीइतकी मुळीच नाही.

---

जुनी_चाके (नॉटिंगहॅमजवळ)

विकणाऱ्याचा हब खरा आहे, सायकल नाही.

रॅलेने १९७३ पासून क्रमांकाची नवी पद्धत घेतली. पहिले अक्षर कारखान्याचे, म्हणजे ‘एन’ असेल तर नॉटिंगहॅम. दुसरे अक्षर महिन्याचे, आणि त्यानंतरचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा. महिन्यांसाठी सलग अक्षरे घेतलेली नाहीत, मधली काही गाळली आहेत. पण जानेवारीचा ‘ए’ आणि फेब्रुवारीचा ‘बी’ यांत घोटाळा होत नाही. तुमची चौकट त्यामुळे नॉटिंगहॅमची, फेब्रुवारीची, आणि वर्ष चारने संपणारे अशी ठरते. या पद्धतीत दशक लिहिलेले नसते, तेव्हा ते १९७४ की १९८४ असा प्रश्न उरतो. पण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच चॉपरचे उत्पादन आटोपले होते, म्हणून १९७४ धरावे. मार्क २ येऊन तोवर दोन वर्षे झाली होती.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण उलट बाजूने बरेच जण फसतात. क्रमांकात अक्षरे आहेत म्हणजे सायकल १९७३च्या आधीची नाही, हे खरे. पण अक्षरे नाहीत म्हणजे ती मार्क १च असेल, असे मुळीच नाही. मार्क २ १९७२ मध्ये आली आणि अक्षरे १९७३ मध्ये, त्यामुळे मधल्या काळातल्या मार्क २ चौकटींवर जुन्याच पद्धतीचा क्रमांक असणार. तिथे पुन्हा सीटची जागा आणि हॅन्डल यांच्याकडेच वळावे लागते.

हबचे गणित सोपे आहे. स्टर्मी-आर्चर आपल्या हबवर वर्ष आणि महिना ठोकत असे, आणि हब सहसा चौकटीच्या थोडे आधी तयार होई. हब चौकटीपेक्षा दोन-चार महिने जुना असेल तर सगळे जुळते. इथे तो तब्बल अडीच वर्षांनी जुना आहे. म्हणजे मागचे चाक दुसऱ्या सायकलीवरून आलेले आहे, आणि तो गोल मुठीचा दांडाही बहुधा त्याच सायकलीचा असेल. कुठल्या तरी खऱ्या मार्क १चे अवयव तुमच्या घरी आहेत.

---

रानवाट (न्यू जर्सी)

धागा चॉपरचा असला तरी पद्धत तीच असल्याने जुन्या बीएमएक्स (मातीवरच्या शर्यती आणि उड्यांच्या) सायकलींबद्दल थोडे लिहितो. माझा जीव त्यांत आहे. शिवाय चॉपरचे पुढे काय झाले ते बीएमएक्सशिवाय सांगताच येत नाही.

ज्या स्टिंग-रेची चॉपर ही नक्कल म्हणावी (नॉटिंगहॅमवाल्यांनी रागावू नये), तीच स्टिंग-रे घेऊन कॅलिफोर्नियातली मुले सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मातीच्या ट्रॅकवर मोटोक्रॉसची, म्हणजे मोटारसायकलींच्या शर्यतींची नक्कल करू लागली. चौकटी वाकल्या, चिमटे (पुढचे चाक धरणारे फोर्क) मोडले, आणि त्या मोडतोडीतूनच नवे कारागीर पुढे आले. रेडलाइनच्या लिन कास्टन यांनी १९७४ साली क्रोम-मॉली या मजबूत मिश्र-पोलादाच्या नळ्यांचा फोर्क केला. स्किप हेस यांनी त्याच वर्षी बीएमएक्स प्रॉडक्ट्स काढून ‘मोटोमॅग’ हे ओतीव चाक आणले, आणि पुढे त्याच कंपनीची मंगूस झाली. रॅलेने चॉपर बंद करण्याच्या सुमारास १९८२ मध्ये ‘बर्नर’ आणली, ती याच लाटेवर. चॉपरवर बसून दिसायचे होते, बीएमएक्सवर उडी मारायची होती. एकाच पूर्वजाचे हे दोन वंश.

पिढी ओळखताना बीएमएक्समध्ये जास्त फसवणूक होते, कारण जवळजवळ सगळेच पान्ह्याने निघते आणि त्या मुलांनी ते दर महिन्याला काढलेही. पण जपानी भाग बोलतात. शिमानोच्या भागांवर मागच्या बाजूला दोन अक्षरे असतात. पहिले वर्षाचे, १९७६ला ‘ए’ धरून. दुसरे महिन्याचे, जानेवारीला ‘ए’ धरून. ‘एच सी’ असेल तर मार्च १९८३. मात्र सव्वीस अक्षरे संपल्यावर २००२ पासून पुन्हा ‘ए’ सुरू होतो, म्हणून तोच ‘एच’ २००९चाही असू शकतो. जुन्या मॉडेलच्या नव्या आवृत्त्या बाजारात असताना ही चूक महागात पडते.

चौकटीवरची माझी आवडती खूण सांगतो. कसरतीच्या सायकलींत हॅन्डल गरगर फिरवले तरी ब्रेकची केबल गुंडाळू नये म्हणून एक फिरती कडी बसवतात. ती ‘जायरो’ ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आली. आधी ती सुट्या पट्टीवर बसे. नंतर कंपन्यांनी पुढच्या नळीवर दोन छोटे कान वेल्ड करूनच द्यायला सुरुवात केली. त्यामुळे असे कान असलेली चौकट कुणी १९८३ची म्हणून विकत असेल, तर तिथून उठावे. छर्रे_ग्रीस यांच्या नियमाला इथे एक पोटनियम जोडावा लागतो: काही मालकांनी जुन्या चौकटीवर ते कान मागाहून वेल्ड करून घेतले. तेव्हा वेल्डच्या कडेला भिंग लावून मूळ क्रोम जोडावरून सलग गेले आहे की तिथे तुटले आहे, ते पाहावे.

---

छर्रे_ग्रीस (पुणे)

पोटनियम मान्य. भर एवढीच, की मागाहून केलेल्या वेल्डच्या आसपास क्रोम निळसर-तपकिरी पडते, आणि ते कितीही पॉलिश केले तरी जाता जात नाही. पुन्हा क्रोम चढवले तर गोष्ट वेगळी, पण तेवढा खर्च सहसा कुणी करत नाही.

---

ओढाळ (ठाणे)

माझी शंका फिटली. हॅन्डल बदललेले असेल असे मी म्हटले, पण बदललेले निघाले ते चाक. एक प्रश्न उरतो. अलीकडे बातमी वाचली होती की चॉपर पुन्हा आली. मग काही वर्षांनी जुनी कोणती आणि नवी कोणती, हा घोळ होणार नाही का?

---

जुनी_चाके (नॉटिंगहॅमजवळ)

दोनदा आली. २००४ची मार्क ३ आंधळ्यालाही ओळखता येईल, कारण मधल्या नळीवरचा गिअरचा दांडाच तिच्यावर नाही. गिअर हॅन्डलवर गेले. जुन्या नियमांत खपलेली ती रचना नव्या सुरक्षा-नियमांत बसली नाही. दांडा नसलेली चॉपर म्हणजे माझ्या लेखी बिनकुंकवाची सवाष्ण, पण ते माझे मत झाले.

२०२३ची गोष्ट वेगळी आहे. त्या वर्षी रॅलेने मार्क २चीच हुबेहूब आवृत्ती मर्यादित संख्येने काढली, ९५० पौंडांना, आणि ती पाहता पाहता संपली. टी-मुठीचा दांडा, इन्फ्रा रेड आणि अल्ट्रा व्हायोलेट हे रंग, सगळे परत आले. आज ती नवी असल्याने कुणी फसणार नाही, पण गंज चढू द्या, वीस वर्षे जाऊ द्या, मग बघा. तेव्हा हबच कामी येईल. २००० साली स्टर्मी-आर्चर तैवानच्या सनरेसकडे गेली, त्यामुळे नव्या सायकलीच्या हबवर ‘७४’ ठोकलेले सापडणार नाही. हब बदललेला असेल तर पुन्हा चौकटीचा क्रमांक शोधत विजेरी आडवी धरायची.

---

तीनगिअर (लीस्टर)

सर्वांना धन्यवाद. विकणाऱ्याला फोन केला. त्याने मान्य काही केले नाही, पण ‘मीही तशीच घेतली होती’ एवढे म्हणाला, आणि ते खरे असेलही.

आता असे ठरवले आहे: चौकटीवरचा नारिंगी सगळा काढून जांभळा जिथे शाबूत निघेल तिथे तो तसाच ठेवायचा, आणि १९७४च्या आसपासचे मागचे चाक व टी-मूठ शोधायची. कॉटर वर सांगितल्याप्रमाणे नट चढवून काढले. डावा निघाला, उजवा अजून हटून बसला आहे, त्याला तेल पाजून ठेवले आहे.

सप्टेंबर १९७१चा हब असलेले चाक आउट काढून (वाकडेपणा सरळ करून) जपून ठेवतो, गोल मुठीचा दांडाही. कुणाकडे त्या वर्षाची खरी मार्क १ असेल आणि तिला हेच दोन भाग हवे असतील, तर निरोप पाठवावा. मात्र आधी चौकटीवरच्या क्रमांकाचा पेन्सिलने काढलेला ठसा पाठवावा.